कृमीसोबत शरीराचे उत्तरही दाखवणारा स्लाइड-संच

परजीवी कृमींच्या, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या स्लाइडचे संच पुष्कळ मिळतात, पण त्यांत बहुधा कृमीच असतो: त्याचे तोंड, त्याचे अंडे, त्याचा आडवा छेद. कृमी शिरल्यावर शरीराने काय केले, हे दाखवणारा संच मी बरीच वर्षे शोधत होते. पदव्युत्तर वर्गाला रोगप्रतिकारशास्त्र शिकवताना या वर्षी वापरलेल्या वीस स्लाइडच्या संचाने ती गरज बऱ्याच अंशी भागवली.

संचातील सर्वांत मोलाची जोडी निप्पोस्ट्रॉन्जायलस ब्राझिलिएन्सिस या कृमीची आहे. या कृमीची अळी त्वचेतून शिरते, फुप्फुसांतून घशाकडे येऊन गिळली जाते आणि लहान आतड्यात पोहोचते. तेथून उंदराचे शरीर या कृमींना साधारण नवव्या-दहाव्या दिवसापर्यंत हुसकावून लावते. निरोगी आतड्याची स्लाइड आधी आणि सातव्या दिवसाची नंतर पाहिली, की ही हुसकावणी कशी घडते ते डोळ्यांसमोर येते. पीएएस या रंगाने किरमिजी झालेल्या गॉब्लेट पेशी, म्हणजे श्लेष्मा स्रवणाऱ्या पेशी, निरोगी अस्तरात विरळ दिसतात. लागण झालेल्या अस्तरात त्याच पेशी श्लेष्म्याने फुगून एकीला एक खेटून बसलेल्या आहेत. अस्तरातील टफ्ट पेशी (कृमीची चाहूल घेणाऱ्या पेशी) आयएल-२५ हे संदेशवाहक प्रथिन सोडतात, त्याने आयएलसी-२ या प्रतिकारपेशी जाग्या होऊन आयएल-१३ हे दुसरे संदेशवाहक प्रथिन सोडतात आणि त्यामुळे अस्तरात नव्या गॉब्लेट व टफ्ट पेशी घडतात, ही २०१६ साली उलगडलेली साखळी फळ्यावर बाण काढून सांगण्यापेक्षा या दोन स्लाइडपाशी सांगणे कितीतरी सोपे जाते. निरोगी ऊतीची जोड नसलेला संच कोणीही विकत घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

खेद एवढाच, की या साखळीचा आरंभ करणारी टफ्ट पेशीच संचात नाही. नेहमीच्या हिमॅटॉक्सिलिन-इओसिन रंगात ती खात्रीने ओळखता येत नाही. तिच्यासाठी डीसीएलके-१ या प्रथिनाविरुद्धच्या प्रतिपिंडाने रंगवलेली स्लाइड हवी होती.

हेलिग्मोसोमॉइडीस पॉलिगायरसची स्लाइडही उत्तम आहे. व्हिलायना, म्हणजे आतड्याच्या अस्तरावरील बोटांसारख्या उंचवट्यांना, वेटोळे घालून हा कृमी आतड्यात कित्येक आठवडे टिकतो, कारण तो शरीराच्या टीजीएफ-बीटा या संदेशवाहक प्रथिनाची नक्कल करणारे प्रथिन सोडून, प्रतिकाराला आवर घालणाऱ्या नियामक टी पेशी वाढवतो. स्लाइडमध्ये कृमीचे छेद व्हिलायच्या मधल्या जागांत दिसतात, आणि निप्पोस्ट्रॉन्जायलसच्या आतड्यातील धावपळ आठवत असेल तर येथील शांतता लगेच जाणवते.

शिस्टोसोमा मॅन्सोनी या कृमीची लागण झालेल्या यकृताच्या स्लाइडवर मात्र वर्गाचा एक पूर्ण तास गेला. बाजूला काटा असलेले अंडे, त्याभोवती मॅक्रोफेज व लालबुंद इओसिनोफिल या प्रतिकारपेशींचा वेढा आणि त्याबाहेर कोलॅजनचे धागे, हे सारे एकाच दृश्यक्षेत्रात मावते. हा वेढाच कालांतराने यकृतात तंतुमयता आणतो. पण तो नसता तर अंड्यातून झिरपणाऱ्या द्रव्यांनी भोवतालच्या यकृतपेशी मेल्या असत्या, हे ऐकल्यावर विद्यार्थी पुन्हा स्लाइड पाहायला उठले.

दोन ठिकाणी निष्काळजीपणा झाला आहे. टोल्युइडीन ब्लू या रंगाच्या स्लाइडमध्ये रंग इतका गडद आहे, की मास्ट पेशी या प्रतिकारपेशींचे जांभळे कण निळ्या पार्श्वभूमीत बुडून जातात. तक्रारीनंतर बदलून मिळालेली स्लाइडही तशीच निघाली. ट्रिक्युरिस म्युरिस या कृमीच्या स्लाइडवर लागणीचा दिवस आणि दिलेल्या अंड्यांची संख्या दोन्ही लिहिलेले नाही. हा दोष मला अधिक गंभीर वाटतो, कारण अंडी भरपूर दिली तर बहुतेक वाणांचे उंदीर हा कृमी बाहेर टाकतात आणि मोजकीच दिली तर लागण चिवट होऊन राहते. ती नोंद नसेल तर समोरच्या छेदाचा अर्थ लावायचा कसा?

इओसिनोफिलचे कण वेगवेगळे पाहण्यासाठी शंभरपटीची तेल-भिंग लागते, आणि यकृताच्या स्लाइडवरील काच त्या भिंगाला पुरेशी पातळ आहे.