टर्बो बदलायला सांगितलेला, निघाला होजपाइप (कुपवाड एमआयडीसीतल्या गॅरेजचा अनुभव)

आमची पिकअप अडीच लिटर डिझेल, सीझनला रत्नागिरीहून आंब्याच्या पेट्या घेऊन सांगलीला येते. यंदा साखरप्याच्या पुढं आंबा घाट चढताना गाडी दुसऱ्या गिअरच्या वर जाईना आणि मागनं नुसता काळा धूर. गावातल्या एका गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडून बघितलं न बघितलं तोवर सांगितलं टर्बो (इंजिनात दाबानं हवा ढकलणारा पंखा) गेला, ३५ हजार लागतील. पैशाची जुळवाजुळव चालू केलेली, तेवढ्यात मेव्हण्यानं कुपवाडच्या या गॅरेजवाल्या मामांकडं नेलं. पत्र्याचं शेड, बोर्ड पण नाही.

मामा म्हणाले, "टर्बो हवा ढकलतोय का ते आधी बघू, मग बदलायचं बोलू." मग टर्बोतनं इंजिनकडं हवा नेणाऱ्या पाइपात किती प्रेशर कमी व्हायला पाहिजे त्याचा हिशोबच त्यांनी खडूनं पत्र्यावर मांडला. इंजिन दोन फेऱ्यांत एकदा हवा भरून घेतं, म्हणजे ३००० आरपीएमला मिनिटाला ३७५० लिटर, सिलिंडर काय पूर्ण भरत नाही म्हणून ९० टक्के धरायचे. ५० एमएमच्या पाइपातनं ती हवा सेकंदाला २८ मीटरच्या आसपास पळते, दोन मीटर पाइप आणि पाच बेंड धरले की तोटा साधारण २००० पास्कल, म्हणजे ०.३ पीएसआय (गेजवरचं दाबाचं माप). त्यात सरळ पाइपापेक्षा बेंडच जास्त खातात. पाइप ४० एमएमचा असता तर हाच आकडा पाऊण पीएसआयच्या वर गेला असता. मला हे कुणी आजवर सांगितलं नव्हतं, मी तर मोठा पाइप टाकायचा विचार करत होतो, पण ५० एमएमलाच तोटा एवढा कमी!

मग टर्बोच्या तोंडाला एक गेज आणि मॅनिफोल्डला (हवा इंजिनात शिरते तिथं) एक गेज लावून लोडवर गाडी पळवली. टर्बोजवळ १८ पीएसआय, मॅनिफोल्डला १२. मामांनी तिथंच सांगितलं की दोन्हीकडं सारखंच कमी असतं तर कुठंतरी लीक किंवा टर्बोच कमजोर, पण इथं टर्बो भरपूर देतोय आणि मधे कायतरी अडतंय. गेज सरकवत गेले, इंटरकूलरमधे (टर्बोतनं आलेली गरम हवा थंड करणारी जाळी) दीड पीएसआय कमी होत होते ते ठीक, पण त्याच्या पुढच्या एका रबरी होजात तब्बल चार! होज कापला तर आतला थर ऑइलनं फुगून सुटलेला, बाहेरनं एकदम नव्यासारखा. दोन वर्षांपूर्वी दुसरीकडं स्वस्तात बसवलेला.

ऑइलच्या वाफेला साधा सिलिकॉन पण टिकत नाही, म्हणून आतनं फ्लुरो रबराचं, ऑइलला टिकणारं अस्तर असलेला होज टाकला. होज १९००, मजुरी टेस्टिंगसकट १२००. परत गेज लावून दाखवलं, साडेसतरा आणि साडेपंधरा.

तक्रार एवढीच की काम एकटेच करतात त्यामुळं अख्खा दिवस गेला, फोन पण उचलत नाहीत, सकाळी नऊच्या आत जाऊन नंबर लावावा लागतो. पण माणूस मोजल्याशिवाय पाना हातात घेत नाही. परवा भरलेल्या ९० पेट्या घेऊन गाडी तिसऱ्या गिअरवर घाट चढली, धूर नाही.