स्मार्ट बल्ब, आठ महिन्यांनंतर: रंग मोजके, चौकशा फार

खोक्यावर '1.6 कोटी रंग' असं छापलं होतं. आकडा खोटा नाही. लाल, हिरवा, निळा यांच्या प्रत्येकी 256 पायऱ्या, गुणाकार केला की 1,67,77,216. पण तीन बल्ब आठ महिने वापरल्यावर सांगतो, कामाचे रंग बोटांवर मोजण्याइतकेच.

निळा-जांभळा झकास. पिवळ्याने मात्र निराशा केली. माझ्या बल्बमध्ये पिवळी एलईडी नाहीच, लाल-हिरव्याचं मिश्रण करून तो साधलाय आणि कायम हिरवट दिसतो. ॲपमधल्या रंगचक्रावर बोट जरा सरकलं की थेट नारिंगी. तपकिरी तर शोधूच नका. तो उजेडात बनतच नाही, मिळतो तो मंद नारिंगी. शिवाय रंग लावला की उजेड चांगलाच घटतो, कारण खोक्यावरचे ल्युमेन (उजेडाचं माप) पांढऱ्या एलईडींचे असतात आणि रंगीत वेळी त्या बंद. हौसेने एकदा गडद लाल लावून वाचत बसलो, तर पुस्तकात लाल पेनाने केलेल्या सगळ्या खुणा गायब! आता रोज वापरतो तो साधा पांढराच: दिवसा 6500 केल्विनचा थंड निळसर, रात्री 2700चा उबदार पिवळसर. म्हणजे रंगांचे पैसे फुकट गेले म्हणायचे.

वीज जाऊन आली की बल्ब भर मध्यरात्री पूर्ण पांढरा पेटायचा. हे बदलण्याची सेटिंग मला पाचव्या महिन्यात सापडली.

पण खरी कुरकुर वेगळीच आहे. दिवा लावायला मोबाइल नंबर कशाला हवा? खातं उघडा, लोकेशन द्या. जोडणी झाल्यावर लोकेशनची परवानगी काढून घेतली, बल्बचं काही अडलं नाही. मग एके दिवशी ॲपमधली 'हिस्टरी' चाळली. बाथरूमचा दिवा: रात्री 2:47 चालू, 2:53 बंद. खाली तशाच कितीतरी नोंदी. आम्ही कधी झोपतो, कधी उठतो, घर कुठले चार दिवस बंद होतं, सगळं ओळीने. आणि ही वही माझ्या घरात नाही, कंपनीच्या सर्व्हरवर आहे. इंटरनेट बंद पडलं तेव्हा कळलं, हातभर अंतरावरचा बल्बसुद्धा सर्व्हरला विचारूनच पेटतो. त्या रात्री भिंतीवरचं बटणच कामी आलं.

त्यानंतर बल्बांना राउटरच्या गेस्ट नेटवर्कवर, म्हणजे पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर टाकलं. नोंदी थांबल्या नाहीत, पण निदान लॅपटॉपपासून ते वेगळे झाले. पुढचा बल्ब घेतलाच तर झिगबीचा घेईन, म्हणजे वायफायऐवजी वेगळ्या रेडिओ जोडणीने घरातल्याच एका छोट्या पेटीवर (हबवर) चालणारा.

सातव्या महिन्यात एक बल्ब मेला. वॉरंटीत परत पाठवायचा होता, पण वायफायचा पासवर्ड त्याच्या पोटात असणार, आणि पेटतच नाही तर रीसेट कसा करणार? शेवटी आधी राउटरचा पासवर्ड बदलला, मगच पार्सल केलं. घरातली बाकी उपकरणं पुन्हा जोडण्यात अख्खी संध्याकाळ गेली.