वर्कर्स कॉम्पचं बिलिंग: क्लिनिकमध्येच ठेवायचं की बाहेर द्यायचं?

अमेरिकेत स्वतःची प्रॅक्टिस आहे आणि कामावर जखमी झालेले पेशंट वाढू लागलेत, की हा प्रश्न येतोच: वर्कर्स कॉम्पचं, म्हणजे कामावरच्या दुखापतीसाठी असलेल्या विम्याचं, बिलिंग स्वतः करायचं की बाहेरच्या बिलिंग कंपनीला द्यायचं. रोजचं हेल्थ इन्शुरन्सचं बिलिंग बघणारी व्यक्ती हेही उरकेल असं वाटतं, कारण प्रोसिजरचे कोड बहुतांशी तेच आणि फॉर्मही तोच, सीएमएस-१५००. पण इथे कॉपे (दर भेटीला पेशंटने भरायची रक्कम) नाही, डिडक्टिबल (विमा सुरू होण्याआधी पेशंटने भरायचा खर्च) नाही, विमा कंपनीने कापलेली रक्कम पेशंटकडे मागायची सोय नाही. नियम राज्यागणिक बदलतात. ओहायो, वॉशिंग्टन, नॉर्थ डकोटा आणि वायोमिंगमध्ये तर ही पॉलिसी खासगी कंपनी विकतच नाही, राज्याचाच फंड असतो.

काम क्लिनिकमध्ये ठेवण्याचा खरा फायदा बाहेरच्या कंपनीची फी वाचण्यात नाही, फ्रंट डेस्कवर आहे. पेशंट सवयीने स्वतःचं हेल्थ इन्शुरन्सचं कार्ड पुढे करतो. ते स्कॅन होतं, बिल भलत्याच कंपनीकडे जातं आणि काही आठवड्यांनी ‘दुखापत कामाशी संबंधित’ असा शेरा घेऊन परत येतं. टेक्सासमध्ये बिल पाठवायला उपचाराच्या तारखेपासून ९५ दिवस मिळतात. त्यातले बरेचसे असेच जातात. दुखापतीची तारीख, एम्प्लॉयर, क्लेम नंबर, विमा कंपनीतर्फे क्लेम हाताळणाऱ्या अ‍ॅडजस्टरचा फोन हे सगळं पहिल्याच भेटीत विचारून घ्यायला हवं. बाहेरची कंपनी हे विचारायला समोर नसते. ती नंतर ‘माहिती अपुरी’ म्हणून ईमेल धाडते, आणि तो ईमेल कोण बघतं हे सगळ्यांना ठाऊक आहे.

रिपोर्टचंही तेच. कॅलिफोर्नियात पहिल्या तपासणीनंतर पाच दिवसांत ‘डॉक्टर्स फर्स्ट रिपोर्ट’ जावा लागतो. टेक्सासमध्ये कामावर परत जाण्याबद्दलचा डीडब्ल्यूसी-०७३ असतो. आवश्यक रिपोर्ट न जोडता गेलेलं बिल अपूर्ण धरलं जातं. हे काम कुठल्याही बिलिंग कंपनीच्या गळ्यात घालता येत नाही, लिहायचं डॉक्टरनेच.

मग बाहेरची कंपनी पैसे कशाचे घेते? चांगली असेल तर पाठपुराव्याचे. विमा कंपनी बिल तपासून फी शेड्यूलपेक्षा (राज्याने ठरवलेल्या दरांपेक्षा) कमी रक्कम पाठवते, सोबत ईओआर, म्हणजे किती दिले आणि का कापले याचा खुलासा, येतो. इतर दहा कामं असलेली व्यक्ती आलेली रक्कम खात्यात नोंदवून मोकळी होते. कॅलिफोर्नियात बिलाच्या दुसऱ्या तपासणीची मागणी ईओआर मिळाल्यापासून ९० दिवसांत केली नाही, तर तेवढ्यात बिल चुकतं झालं असं धरलं जातं. विमा कंपनीच्या दुसऱ्या निकालानंतर बिलाची त्रयस्थाकडून स्वतंत्र तपासणी मागायला फक्त ३० दिवस. उशिरा आलेल्या पैशांवर १५ टक्के दंड आणि व्याजही मागता येतं, पण त्यासाठी कुणीतरी तारखा मोजत बसावं लागतं. या कामात मुरलेली माणसं तेच करतात.

फी साधारणपणे वसुलीच्या टक्केवारीवर ठरते. त्यात एक मेख आहे: छोट्या थकबाकीत कंपनीला रस नसतो. फिजिकल थेरपीसारखी लहान-लहान बिलं असतील, तर हे आधीच विचारा. न्यूयॉर्कमध्ये टक्केवारीचा करार फी-स्प्लिटिंग, म्हणजे डॉक्टरच्या फीची बेकायदा वाटणी, ठरतो; तिथे ठरावीक रक्कम किंवा दर क्लेममागे फी हवी. तिथल्या डॉक्टरला कुणी टक्केवारी सांगत असेल, तर बोलणं तिथेच थांबवावं.

महिन्याला मोजकेच कॉम्प पेशंट आणि राज्य एकच, तर माझं मत क्लिनिकच्या बाजूने: एका व्यक्तीला त्या राज्याचे नियम नीट शिकवा, तिच्याकडून ते काम काढू नका. ऑर्थोपेडिक किंवा ऑक्युपेशनल मेडिसिनची (कामाशी निगडित आजार-दुखापतींची) प्रॅक्टिस, त्यात दोन-तीन राज्यं असतील, तर बाहेर द्या. पण क्लेम नंबर मिळवणं आणि रिपोर्ट वेळेत काढणं हातचं सोडू नका.

करार करताना दोन गोष्टी लेखी घ्या. बिलाच्या दुसऱ्या तपासणीची मागणी त्याच फीमध्ये आहे का, आणि करार मोडला तर तोवर पाठवलेल्या बिलांचा पाठपुरावा कोण करणार. सोडून जाणारी कंपनी जुन्या क्लेमकडे ढुंकूनही बघत नाही, आणि मुदती काही तिच्यासाठी थांबत नाहीत.