टॉर्नेडो टी-३००० : पहिल्या मॅचआधी हात बसवायला उत्तम टेबल

फूसबॉलची, म्हणजे टेबलावर रॉडला लावलेल्या छोट्या खेळाडूंनी खेळायच्या फुटबॉलची, मॅच ठरली की नवा खेळाडू पहिल्यांदा शॉट शिकायला घेतो. त्याआधी मॅच कुठल्या टेबलवर आहे, ते विचारून घ्यावं. आयटीएसएफ ही या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना २००२ साली स्थापन झाली. तिनं मान्य केलेली टेबलं एकसारखी नाहीत. फ्रान्सच्या बोंझिनीवर लिनोलियमचं मैदान, कॉर्कचा बॉल आणि एकच गोली असतो. अमेरिकेच्या टॉर्नेडोवर मैदान कडक आणि गुळगुळीत, बॉल प्लास्टिकचा आणि गोलीच्या रॉडवर तीन खेळाडू. एकावर बसलेला हात दुसऱ्यावर अडखळतो.

तरीही शिकायचं टेबल निवडायची मुभा असेल तर आमचं मत टॉर्नेडोला. मुख्य कारण त्याच्या खेळाडूंचे पाय. कडा सरळ आणि पुढचा भाग खरबरीत असल्यामुळे बॉल पायाखाली दाबून जागेवर धरता येतो. ऑफिसातल्या किंवा ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त टेबलांवर पाय गोलसर असतात, बॉल निसटतो आणि नवशिक्याला वाटतं आपलाच हात वाईट. दुसरं कारण वजनाचा तोल. खेळाडू आडवा करून मूठ सोडा, तो तसाच राहतो. त्यामुळे समोरच्याच्या बॉलच्या वाटेतून आपला रॉड उचलून ठेवता येतो.

कोपऱ्यात चढ नाही, म्हणून कोपऱ्यात थांबलेला बॉल गोलीच्या रॉडवरच्या कडेच्या खेळाडूनं काढायचा. एका गोलीची सवय असलेले इथे हमखास गोंधळतात. रॉड पोकळ आहेत, म्हणून हलके आणि चटकन थांबणारे. खेळाडू रॉडवर स्प्रिंग पिननं ठोकलेले असतात. स्क्रू-नटवाल्या टेबलांवर नट ढिला पडतो, मूठ फिरते पण पाय किंचित मागे राहतो आणि प्रत्येक शॉट तिरका जातो. अशा टेबलवर मॅच असेल तर स्क्रूड्रायव्हर आणि पाना घेऊन जा, सुरू होण्याआधी आपल्या बाजूचे सगळे खेळाडू आवळून घ्या.

उणेपणही सांगायला हवं. हे टेबल फार जड आहे, जिना चढवायला बरीच माणसं लागतात. लांबी सुमारे ५६ इंच, रुंदी ३० इंच. पण रॉड दोन्हीकडे बाहेर येतात आणि माणसंही उभी राहतात, म्हणून ८ फूट बाय ७ फूट मोकळी जागा धरा. टेबलाचे पाय फिरवून उंची जुळवता येते. लेव्हल लावून तपासा, नाहीतर मैदानाच्या मध्यावर बॉल ठेवून तो कुठे सरकतो ते पाहा. रॉडला वंगण म्हणून फक्त सिलिकॉन, तेही बेअरिंगजवळ दोन-तीन थेंब. घरातलं मशिनचं तेल धूळ धरतं आणि रॉड जड होतो. मैदानावर सिलिकॉन पडलं तर बॉल घसरतो, लगेच पुसा.

आता सराव. मूठ घट्ट आवळू नका. नव्या खेळाडूच्या निम्म्या चुका तिथून येतात, कारण आवळलेल्या रॉडवर आलेला बॉल उसळून परत जातो. पाचच्या रॉडवरून (मधला, पाच खेळाडूंचा) तीनच्या रॉडकडे (समोरच्या गोलजवळचा, आपल्या हल्ल्याचा) पास देताना तीनच्या खेळाडूचा पाय समोरच्या गोलकडे थोडा पुढे झुकलेला ठेवा. पाय बॉलवर उतरत्या छपरासारखा येतो, हात सैल असेल तर बॉल त्याखाली मरतो. पास भिंतीला लागून द्या, किंवा तशीच हालचाल दाखवून भिंतीपासून आतल्या मोकळ्या वाटेनं. हालचाल दोन्हीला एकच हवी, नाहीतर समोरच्याला आधीच कळतं. मॅच या पासवर जिंकली-हरली जाते. रोज अर्धा तास असेल तर १५ मिनिटं यालाच द्या.

शॉट एकच पक्का करा : पुल शॉट. बॉल तीनच्या रॉडच्या मधल्या खेळाडूजवळ, त्याच्या आपल्याकडच्या बाजूला ठेवायचा, स्वतःकडे ओढायचा आणि ओढ चालू असतानाच मारायचा. ओढ थांबवून मारलं तर शॉट सरळ गोलीवर जातो. पाय बॉलच्या मध्याच्या मागे पोचण्याआधी मारलं तर बॉल कडेला फेकला जातो. स्नेक शॉट (बॉल पायाखाली दाबून, बाजूला सरकवून मनगटानं रॉड फिरवून मारायचा) टॉर्नेडोवर सुंदर निघतो, पण दोन-तीन आठवड्यांत बसत नाही. पहिल्या मॅचला तो सोडा.

बचावात दोनच्या रॉडचा (गोलीच्या लगेच पुढचा, दोन खेळाडूंचा) खेळाडू आणि गोली एकामागे एक उभे करू नका. शेजारी शेजारी ठेवा, मधली फट बॉलपेक्षा लहान हवी. बॉल साधारण ३५ मिलिमीटरचा असतो. मागून बॉल काढताना भिंतीवर आपटून कोनात काढा. सरळ मारला की समोरच्या तीनच्या रॉडवर आदळून तो आपल्याच गोलमध्ये येतो. एकेरीत हात बदलणंही घोटवून ठेवा : बॉल समोरच्याच्या तीनच्या रॉडवर गेला की डावा हात गोलीवर, उजवा दोनच्या रॉडवर. हे आपोआप होईपर्यंत बाकीचं सगळं व्यर्थ.

आयटीएसएफच्या नियमांत पाचच्या रॉडवर बॉल १० सेकंद ठेवता येतो, इतर रॉडवर १५. बॉलला लागण्याआधी किंवा नंतर रॉड ३६० अंशांपेक्षा जास्त फिरला तर तो स्पिन, म्हणजे फाउल. सर्व्ह करणाऱ्यानं ‘रेडी?’ विचारायचं आणि समोरच्याचं उत्तर आल्यावरच सुरुवात करायची. पाचच्या रॉडवर बॉल थांबवला असेल तर दोन खेळाडूंना लागल्याशिवाय तो तीनच्या रॉडकडे पाठवता येत नाही. हा नियम नवख्यांना माहीतच नसतो आणि चांगला पास रद्द होतो. गेम ५ गोलांचा असतो, टाइमआउट प्रत्येक गेममध्ये दोन, प्रत्येकी ३० सेकंदांचे. ऑफिसच्या स्पर्धेत बरेचदा १० गोलांपर्यंत खेळतात आणि स्पिनही चालवून घेतात, म्हणून आयोजकांना आदल्या दिवशीच विचारा. स्पिन चालणार असेल तर मागची फट आणखी कमी करा, कारण फिरवून मारलेला बॉल नेम नसला तरी वेगानं येतो.