प्रभुभोजनाचा संच: ट्रे, प्याला की सीलबंद कप?

शंभर ते दोनशे माणसांच्या मंडळीला, म्हणजे चर्चला, प्रभुभोजनाचा (भाकर आणि द्राक्षरस वाटून घेण्याच्या ख्रिस्ती विधीचा) नवा संच घ्यायचा असेल, तर स्टेनलेस स्टीलचे एकावर एक बसणारे ट्रे आणि काचेचे छोटे कप घ्यावेत. वर वेफर (भाकरीची पातळ चकती) आणि खाली रस असलेले सीलबंद कप आजाऱ्यांच्या भेटीपुरते ठेवावेत. सामायिक प्याल्याची, म्हणजे सर्वांनी एकाच प्याल्यातून घेण्याची, परंपरा असेल तर ती मोडू नये, पण प्याला कोणत्या धातूचा आहे ते आधी बघावं. संच पारखायची आमची कसोटी एकच आहे: भाकर आणि प्याला दोन्ही शेवटच्या बाकावरच्या आजींपर्यंत न सांडता, त्यांना न अवघडवता पोचतात का? दिसायला देखणा पण या कसोटीला न उतरणारा माल बाजारात भरपूर आहे.

सीलबंद कपांपासून सुरुवात करू, कारण कोविडच्या काळात ते सगळीकडे पोचले आणि बऱ्याच मंडळ्यांत सोय म्हणून राहिले. लहानसा प्लास्टिकचा कप, त्यात चमचाभर रस, त्यावर फॉइल, फॉइलवर वेफर आणि सगळ्यात वर पारदर्शक पापुद्रा. आधी पापुद्रा सोलून वेफर घ्यायचा, मग फॉइल सोलून रस. घोळ इथेच होतो. दोन्ही थरांची टोकं एकमेकांना चिकटलेली असतात, घाईत ती एकदम निघतात आणि वेफर रसात नाहीतर जमिनीवर पडतो. संधिवाताने बोटं आखडलेल्यांना ते टोक चिमटीत धरताच येत नाही. मग कप मुठीत दाबला जातो आणि फॉइल सुटल्याबरोबर रस पांढऱ्या साडीवर उडतो. कप कडांना न दाबता बुडाशी धरावा आणि फॉइल बाहेरच्या दिशेला सोलावं, हे दर वेळी सांगावं लागतं. प्रार्थनेच्या शांततेत शे-दीडशे पापुद्रे एकदम करकरतात, म्हणून गीत चालू असतानाच वरचा पापुद्रा अर्धा उचलून ठेवायला सांगणं बरं.

खोका घेताना लेबल नीट वाचा. 'द्राक्षाचा रस' आणि 'द्राक्षाच्या स्वादाचं पेय' यांत मोठा फरक आहे. दुसऱ्यात साखर, रंग आणि स्वादच असतो, आणि ते प्रभूच्या मेजावर ठेवू नये असं आमचं ठाम मत आहे. तारीख बघा. प्रत्येक खोक्यातले दोन-चार कप दहा मिनिटं कागदावर उलटे ठेवा. सील कच्चं असेल तर कागदावर लगेच डाग पडतो. पत्र्याच्या छपराखालच्या कपाटात उन्हाळाभर ठेवलेले कप वापरू नयेत. आणखी एक गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. या पद्धतीत भाकर मोडणं डोळ्यांना दिसत नाही. म्हणून पाळकांनी (मंडळीच्या धर्मगुरूंनी) मेजावर एक अखंड भाकर ठेवून ती सर्वांसमोर मोडावी. इस्पितळात किंवा अंथरुणाला खिळलेल्या माणसाकडे जाताना मात्र हा कप फार उपयोगी पडतो: बाटली नको, धुणं नको, झोळीत चार कप टाकले की झालं. आजाऱ्याला गिळायला त्रास होतो का, एवढं घरच्यांना आधी विचारून घ्या.

आता ट्रे. स्वतंत्र कपांची पद्धत अमेरिकेत १८९० च्या दशकात, रोगजंतूंची माहिती नवी असताना रुळली, ओहायोतल्या जे. जी. थॉमस यांनी १८९४ मध्ये अशा संचाचं पेटंट घेतलं. आज बाजारात मिळणारा नेहमीचा ट्रे ४० भोकांचा असतो. कप काठोकाठ न भरता ६-७ मिलिलिटरच भरायचा. म्हणजे एका ट्रेला सुमारे २८० मिलिलिटर रस लागतो आणि १२० माणसांना तीन ट्रे मिळून जेमतेम ८५० मिलिलिटर. भरताना आणि सांडताना थोडा जातो, म्हणून लिटरभर तयार ठेवा.

ट्रे घेताना सगळं लक्ष भोकांवर द्या. कप भोकात बसल्यावर त्याचा वरचा तिसरा हिस्सा बाहेर राहिला पाहिजे, नाहीतर बोटांना पकडच मिळत नाही. भोक सैल असेल तर कप तिरका होतो आणि ट्रे हातोहात सरकताना कडेचे कप हमखास सांडतात. भोक घट्ट असेल तर कप उपसावा लागतो, आणि तो झटका शेजारच्या कपांना बसतो. बोट फिरवून भोकांच्या कडा बघा; स्वस्त मालात त्या नीट घासलेल्या नसतात. ॲल्युमिनियमचे ट्रे हलके असतात, वयस्क लोकांना धरायला बरे, पण द्राक्षाचा आंबट रस सांडून राहिला की त्यावर डाग आणि बारीक खड्डे पडतात. स्टील जड पडतं, तरी वर्षानुवर्षं टिकतं. जड वाटत असेल तर ट्रे बाकावरून बाकावर न फिरवता वाटप करणाऱ्या सेवकांनी रांगेच्या टोकाला धरून उभं राहावं.

ट्रेमध्ये ठेवायला एकदा वापरून फेकायचे प्लास्टिकचे कप घेण्याचा प्रश्नच आता उरला नाही. महाराष्ट्रात २०१८ ची प्लास्टिकबंदी आहे आणि १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या पेल्यांवर बंदी आली. काचेच्या कपांना धुण्याची मेहनत आहे, ती टाळता येत नाही. उपासना संपताच कप कोमट पाण्यात बुडवावेत. रस वाळला की तळाशी चिकट कड बसते आणि ती साध्या विसळण्याने जात नाही. बाटली घासायच्या बारीक ब्रशाने, थोड्याच साबणाने घासून दोन पाण्यांतून काढावेत, कारण साबणाचा वास राहिला तर तोच पहिला तोंडात येतो. मग स्वच्छ पंचावर उपडे घालून पूर्ण वाळू द्यावेत. ओलसर कप बंद डब्यात ठेवले की पुढच्या वेळी कुबट वास ठरलेला. आणि कप आदल्या रात्री भरून ठेवू नयेत. सकाळी झाकण उचललं की मुंग्या दिसतात, आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात रस फसफसायला लागलेला असतो.

भरायला तोटीची पिळायची बाटली पुरते. पंपाचं यंत्र मोठ्या मंडळीलाच परवडतं आणि त्याची नळी धुणं हे वेगळंच काम होऊन बसतं.

सामायिक प्याल्याबद्दल जरा थांबून बोलायला हवं. भाकर आणि प्याला दोन्ही सर्वांना मिळावेत म्हणून लोकांनी जीव दिले आहेत. १४१५ साली कॉन्स्टन्सच्या धर्मसभेने सामान्य भाविकांना प्याला न देण्याची रीत पक्की केली. त्याच वर्षी ६ जुलैला बोहेमियातला (आजच्या चेक देशातला) धर्मसुधारक यान हुस याला जाळण्यात आलं आणि पुढे तिथल्या त्याच्या अनुयायांनी प्याला हेच आपलं निशाण केलं. रोमन कॅथलिक चर्चने १९६३ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, ठराविक प्रसंगी भाविकांना प्याला देण्याची वाट पुन्हा मोकळी केली. अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडच्या) परंपरेत तो सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेपासून सर्वांना मिळत आला आहे, आणि १९७० मध्ये नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात ती परंपराही सामावलेली आहे. एवढ्या मोलाचा प्याला पितळेचा, आतून मुलामा नसलेला, घेऊ नका. आंबट पदार्थ बिनकल्हईच्या पितळेत ठेवू नये हे घरोघरी माहीत असतं, तेच इथेही. चांदीचा, आतून सोन्याचा मुलामा असलेला प्याला सर्वांत चांगला; परवडत नसेल तर साधं स्टील. प्रत्येकानंतर कड आतून-बाहेरून लिननच्या रुमालाने पुसायची, प्याला पाव फेरा फिरवायचा, आणि रुमालाची नवी घडी पुढे घ्यायची. दर वीस-पंचवीस जणांनंतर रुमालच बदलावा. ७५० मिलिलिटरची बाटली अंदाजे शंभर जणांना पुरते.

भाकर द्राक्षारसात बुडवून देण्याची पद्धत स्वच्छ समजली जाते, पण प्रत्येकाने आपापली बुडवली तर बोटंही बुडतात. सेवकाने बुडवून द्यावी हे बरं. कॅथलिक नियमांत तर भाविकाने स्वतः बुडवायला मनाईच आहे. या पद्धतीला जाड वेफर लागतो. चपातीचे तुकडे विरघळून तळाशी गाळ जमतो, आणि गव्हाचं ग्लूटेन न चालणाऱ्या माणसासाठी तो प्याला निरुपयोगी होतो. अशा माणसाला वेगळा, कण न पडलेला कप सर्वांत आधी द्या. कॅथलिक चर्चमध्ये पूर्ण ग्लूटेनमुक्त वेफर ग्राह्य नाही. अल्प ग्लूटेनचा, गव्हाचाच हवा.

वेफरांचा शत्रू पाऊस. कोकणात आणि मुंबईत जूनपासून ते सादळतात, जिभेला चिकटतात. घट्ट झाकणाच्या डब्यात, लहान पाकिटं करून ठेवा आणि लागेल तेवढंच पाकीट फोडा. चपाती वापरत असाल तर तूप न लावता, पातळ, मऊ भाजा आणि कोमट असतानाच दीड सेंटिमीटरचे तुकडे करा. गार झाली की कडा तुटून चुरा होतो.

रसाबद्दल मंडळी-मंडळीत मतं वेगळी आहेत. कॅथलिक आणि अँग्लिकन नियमांत आंबवलेला द्राक्षारस लागतो. मेथडिस्ट पंथात न आंबवलेला रस चालतो. थॉमस वेल्च यांनी १८६९ मध्ये रस तापवून टिकवण्याची रीत काढल्यापासून तो वापरणं सोपं झालं. विकतचा शुद्ध रस मिळत नसेल तर ५०० ग्रॅम काळ्या मनुका धुऊन दीड लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, कुस्करा, मंद आचेवर वीस मिनिटं उकळा आणि दुहेरी मलमलीतून गाळा. साखर घालू नका. फ्रिजमध्ये दोन दिवस ठेवता येतो. झाकण उघडताना फुस्स आवाज आला तर ओतून द्या. दारू सोडलेला माणूस मंडळीत असेल तर वाइन आणि रस एकाच ट्रेमध्ये आतल्या-बाहेरच्या ओळींत ठेवू नका. हात चुकतो. रसाचा ट्रे वेगळाच फिरवा.

पूर्ण मागणी नोंदवण्याआधी एक ट्रे, एक तळ (ट्रेखालची बैठक) आणि ४० कप मागवा, पाणी भरा आणि मंडळीतल्या सर्वांत वयस्क दोघा-तिघांच्या हातात देऊन बघा. झाकण लावून दोन ट्रे एकमेकांवर बसवा आणि हलवा. खडखडले तर परत करा. बिलावर कारखान्याचं नाव आणि मापं लिहून घ्या, कारण पुढे मंडळी वाढली आणि दुसऱ्या कारखान्याचा ट्रे आणला, तर तो बहुधा जुन्यावर बसत नाही.