शाळेत एआर: जुनापाणीची वर्तुळं जमली, जातं फसलं

रामटेक तालुक्यातल्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत जूनपासून जुन्या वस्तू शिकवायला एआर (ऑगमेंटेड रिॲलिटी) ॲप वापरतोय. टॅबचा कॅमेरा जमिनीवर रोखला की वस्तू तिथंच मांडल्यासारखी दिसते, पोरं भोवती फिरून पाहतात. दिवाळी उलटल्यावरचं माझं मत असं, की पोरांना जे पाहायलाच मिळत नाही त्यासाठी हे उत्तम आहे. घरात असलेल्या वस्तूंसाठी निव्वळ उठाठेव.

ॲपमध्ये ममी, ग्रीक रांजण सगळं होतं, विदर्भातलं काहीच नव्हतं. मग नागपूरजवळच्या जुनापाणीला जाऊन एका शिलावर्तुळाचे, म्हणजे दफनाभोवती गोल मांडलेल्या दगडांचे, चहूबाजूंनी फोटो काढले आणि फुकटच्या सॉफ्टवेअरनं त्रिमितीय मॉडेल केलं. महापाषाण काळातली ही दफनं पुस्तकात दोन ओळींत उरकतात. मैदानावर तेच वर्तुळ खऱ्या मापात उभं राहिलं तेव्हा पोरं आत जाऊन उभी राहिली, दगडांवरचे वाटीसारखे खळगे मोजू लागली. दुपारी मात्र स्क्रीनवर काही दिसत नाही, आणि लांब चालत गेलं की वर्तुळ सरकतं. सकाळचाच तास घ्यावा.

गंमत म्हणजे वर्गातल्या गुळगुळीत पांढऱ्या फरशीवर ॲप अडून बसतं. कॅमेऱ्याला जमीन ओळखायला डाग, रेघा, खडबडीतपणा लागतो. शेणानं सारवलेल्या ओसरीवर पहिल्या झटक्यात चालतं!

भंडाऱ्याकडचा पितळी गुंड, म्हणजे पाण्याचं भांडं, मॉडेल करताना मात्र छळतो. चकाकी प्रत्येक फोटोत जागा बदलते, त्यामुळे मॉडेलला खड्डे पडतात. खडूची पूड चोळल्यावर बरं आलं. हा उपाय आपल्या घरच्या भांड्यावरच करावा, संग्रहालयातल्या वस्तूला हात लावायचा नसतो.

ॲपमधलं जातं एका पोरीच्या आजीला दाखवलं. तिनं टॅब निरखून पाहिला. "अन् दाणे कोठून टाकू बापा याच्यात?" बनवणाऱ्यानं वरच्या दगडाचं तोंडच बुजवलं होतं. शेवटी तिचंच जातं वर्गात आणलं. वरचा दगड उचलताना दोघं पोरं लाल झाली. ते वजन कुठल्या स्क्रीनवर येणार? आतल्या बाजूला टाकी का लावतात, म्हणजे छिन्नीनं दगड खडबडीत का करतात, हेही तेव्हाच कळलं.

ॲप घेण्याआधी टॅब एआरकोर, म्हणजे एआरसाठीची गूगलची प्रणाली, चालवतो का ते तपासा. अँड्रॉइड ७ असून भागत नाही, टॅबचं मॉडेल गूगलच्या यादीत लागतं. आमचे निम्मे टॅब त्यात नव्हते. नेट मधेच जातं, म्हणून वस्तूंची मॉडेलं आदल्या दिवशीच उतरवून ठेवतो.