सायकल पाठवण्याआधीचे पॅकिंग: कोथरूडमधील एका दुकानाचा अनुभव
मनाली ते लेह या सायकलप्रवासासाठी माझी सायकल पुण्याहून चंडीगडला पाठवायची होती, आणि मागच्या खेपेला ती नुसती गोणपाटात गुंडाळून दिल्यामुळे गिअरचा हँगर (मागच्या गिअरची यंत्रणा फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा) वाकला होता, म्हणून या वेळी पॅकिंगचे काम कोथरूडमधील एका छोट्या दुकानाकडे सोपवले.

तेथील कारागिराने नव्या सायकलीचा रिकामा खोका घेऊन सगळे काम माझ्यासमोरच केले. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. हे ठाऊक नसलेला माणूस ते सोडवण्याऐवजी आवळून बसतो, यांनी मात्र ते अलगद काढले. मागचा डिरेलर (साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारी यंत्रणा) सोडवून, बबल रॅपमध्ये गुंडाळून फ्रेमच्या आतल्या बाजूला बांधला. पुढचे चाक काढल्यावर फोर्कच्या (पुढचे चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्याच्या) दोन टोकांमध्ये, ती दाबली जाऊ नयेत म्हणून, प्लास्टिकचा स्पेसर बसवला आणि ब्रेक पॅडच्या फटीत पुठ्ठ्याची दुमडलेली पट्टी सरकवली. हायड्रॉलिक (द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या) डिस्क ब्रेकमध्ये ही पट्टी नसेल आणि वाटेत लिव्हर दाबला गेला, तर पॅड जवळ येतात आणि चाक परत बसवताना रोटर (चाकावरची ब्रेकची चकती) आत जात नाही. एवढ्या एका काळजीसाठीही मी पुन्हा याच दुकानात जाईन.

एक उणीव सांगायलाच हवी. सुटे बोल्ट एकाच पिशवीत, कोणता कुठला हे न लिहिता ठेवले होते, त्यामुळे जुळणीत विनाकारण वेळ गेला. सायकलीवर मात्र एकही ओरखडा नव्हता आणि गिअर पहिल्याच फेरीत सुरळीत पडले.